फाईल उघडते, रिपोर्ट बोलत नाही

मिरजेत किंवा सांगलीत रक्त तपासायला दिलं की बहुतेक ठिकाणी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डोळस माणसाचं काम तिथं संपतं आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचणाऱ्याचं तिथून सुरू होतं. ‘रिपोर्ट आला’ म्हणजे नक्की काय आलं, हे आधी शोधावं लागतं. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून थेट निघालेली, आत मजकूर असलेली पीडीएफ आली असेल, छापलेला कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ असेल, नाहीतर टेबलावर कागद ठेवून मोबाईलनं काढलेला फोटो असेल. पहिली नीट वाचता येते, दुसरी कष्टानं, आणि तिसऱ्याचं काही सांगता येत नाही. हे आम्ही दोघे मिळून लिहितोय. आमच्यातला एक दृष्टिहीन आहे, फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करतो. दुसऱ्याला ऐकू येत नाही. त्यामुळे खाली वाचण्याचा भाग एकाचा आणि डॉक्टरांशी बोलण्याचा दुसऱ्याचा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथून, शिवाय पलीकडच्या अथणी-विजापूरकडूनही माणसं मिरजेला उपचाराला येतात. रक्त देऊन एसटी पकडायची आणि रिपोर्ट गावी फोनवर बघायचा, हीच रीत. फाईल वाचता येत नाही हे गावी गेल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून निम्मं काम रक्त देतानाच काउंटरवर उरकायचं. नंतर फोन केला तर तिथं दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

‘ताई, रिपोर्टचा फोटो नको. कॉम्प्युटरमधनं जी पीडीएफ निघती ती पाठवा.’

‘एकच की ओ दादा.’

‘बघायला एकच. पण फोटोवरनं माझा फोन वाचून दाखवत नाही. प्रिंट देताना सेव्ह अ‍ॅज पीडीएफ येतं बघा, ती द्या.’

एवढ्यावर बहुतेक लॅब देतात. जिथं अडतं तिथं कारण वाईट हेतूचं नसतं, सहीचं असतं. पॅथॉलॉजिस्टची सही आणि शिक्का कागदावर पडतो, मग तोच कागद स्कॅन होतो. दुसरं कारण लेटरहेड. लॅबचं नाव आधीच छापलेल्या कागदावर प्रिंट काढतात, त्यामुळे सॉफ्टवेअरमधली पीडीएफ बोडकी दिसते आणि ती बाहेर द्यायला कर्मचारी कचरतात. यावर तोडगा सोपा आहे. दोन्ही मागायच्या. सही-शिक्क्याची डॉक्टरांसाठी, बोडकी आपल्यासाठी. फोटोच पाठवणार असतील तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्यात सगळ्यात आधी दशांशचिन्ह मरतं.

फाईल आली की ती बोलते का ते बघायचं. टॉकबॅक चालू ठेवून पीडीएफ उघडली, नुसतं ‘पान एक’ ऐकू आलं आणि पुढे बोट सरकवलं तरी काहीच नाही, तर आत मजकूर नाही, चित्र आहे. कॉम्प्युटरवर कंट्रोल ए, कंट्रोल सी करून नोटपॅडमध्ये कंट्रोल व्ही करायचं. नोटपॅड रिकामं राहिलं तर स्कॅन. अक्षरं आली पण अर्थ लागेना, तर फॉन्टचं दुखणं. त्याबद्दल पुढे.

मजकूर असलेली पीडीएफ मिळाली म्हणून लगेच हायसं वाटून घेऊ नये. छापील रिपोर्टवर हिमोग्लोबिनची ओळ डोळ्यांना अशी दिसते: डावीकडे तपासणीचं नाव, मग निकाल १२.४, मग एकक, मग उजवीकडे नॉर्मल १३.० ते १७.०. कानाला मात्र कधी आधी सगळ्या तपासण्यांची नावं एका दमात ऐकू येतात, मग सगळे निकाल, मग सगळ्या मर्यादा. कुठला आकडा कुणाचा याचा पत्ता नाही. कारण लॅबचं सॉफ्टवेअर तक्ता बनवतच नाही. प्रत्येक शब्द पानावर अमुक इंचावर ठेवतं, डोळ्यांना तो तक्ता वाटतो एवढंच. म्हणून एनव्हीडीएमध्ये टी दाबून तक्ता शोधला तर ‘पुढे तक्ता नाही’ असंच उत्तर येतं. अ‍ॅडोबी रीडर वापरत असाल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये रीडिंग या भागात वाचनाचा क्रम निवडता येतो. तिथं ‘डावीकडून उजवीकडे, वरून खाली’ हा पर्याय घ्या. बहुतेक रिपोर्ट त्यानं ओळीत येतात. ‘डॉक्युमेंटवरून क्रम ओळखा’ हा पर्याय पुस्तकांसाठी चांगला, रिपोर्टसाठी नाही.

ओळ सरळ झाली तरी ती ऐकताना सावध राहावं लागतं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स ‘दहाचा तिसरा घात’ या एककात दिल्या असतील तर वरचा लहान तीन सपाट होतो आणि स्क्रीन रीडर ‘एकशे पन्नास एक्स एकशे तीन’ म्हणतो. त्याचा खरा अर्थ १५० गुणिले १०००, म्हणजे दीड लाख. ‘एकशे तीन’ ऐकू आलं की तो आकडा नाही, घात आहे, हे एकदा डोक्यात बसलं की मग त्रास नाही. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’ या चिन्हांचं दुखणं याहून मोठं. सीआरपी ‘< ५’ असं छापलेलं असतं आणि विरामचिन्हांची पातळी खालची असेल तर नुसतं ‘पाच’ ऐकू येतं. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट पी दाबत गेलं की ही पातळी बदलते. रिपोर्ट वाचताना ती सर्वांत वर ठेवायची. टॉकबॅकच्या सेटिंगमध्येही विरामचिन्हांचा पर्याय आहे. लेख वाचताना त्याचा वैताग येतो, म्हणून नंतर खाली आणायची. लघवीच्या रिपोर्टमधलं ‘२-३’ काही आवाज ‘दोन तीन’ वाचतात आणि काही चक्क तारीख समजून वाचतात.

मर्यादेबाहेरचा निकाल दाखवायला लॅब ठळक अक्षर वापरतात, काही जण तांबडा रंग. दोन्ही कानाला शून्य. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट कंट्रोल डी दाबून फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये फॉन्टचे गुणधर्म सांगायला लावता येतात, आणि एखाद्या शब्दावर इन्सर्ट एफ दाबून विचारता येतं. काही फाइलींत चालतं, काहींत नाही. त्यामुळे ठळकपणावर विसंबायचं नाही, निकाल आणि मर्यादा दोन्ही ऐकून आपणच ताडायचं. निकालाशेजारी ‘एच’ किंवा ‘एल’ अक्षर छापणाऱ्या लॅब बऱ्या. ते अक्षर ऐकू येतं.

आवाजाची भाषाही आधी ठरवून घ्यावी. तपासण्यांची नावं इंग्रजीत असतात, त्यामुळे रिपोर्टसाठी भारतीय इंग्रजी आवाज आणि लेखांसाठी मराठी. टॉकबॅकच्या वाचन-नियंत्रणात भाषेचा पर्याय आणून ठेवला की बोटावर बदलता येतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे, पण तो आवाज नव्या माणसाला रुक्ष वाटतो. तरी आकडे तो स्पष्ट म्हणतो, आणि रिपोर्टला तेवढंच हवं.

आता स्कॅनचं. एनव्हीडीए चालू असताना पान पडद्यावर पूर्ण उघडून इन्सर्ट आर दाबलं की विंडोजचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय, चालतं आणि जे सापडलं ते वाचता येतं. इंग्रजी रिपोर्टसाठी हे पुरतं. मराठी मजकुरासाठी फाईल गूगल ड्राइव्हवर चढवायची, कॉम्प्युटरवरून उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडायची. चित्राखाली मजकूर येतो. फाईल दोन एमबीच्या आत हवी आणि अक्षराची उंची निदान दहा पिक्सेल हवी, असं गूगल स्वतःच सांगतं. स्कॅन करून घेणार असाल तर ३०० डीपीआय सांगा, काळा-पांढरा नको, ग्रे सांगा. फोनवर गूगल लेन्सनं फोटोतला मजकूर निवडून कॉपी करता येतो, देवनागरीसुद्धा.

ओसीआरच्या चुका ठरलेल्या जागी होतात, म्हणून त्या पकडता येतात. दशांशचिन्ह पडतं. मूत्रपिंडाच्या तपासणीत १.१ क्रिएटिनिनचं ११ होतं. शेजारची मर्यादा ०.७ ते १.३ असताना ११ आलं तर डायलिसिसचा विचार मनात आणण्याआधी टिंब शोधावं. मर्यादेतलंही टिंब पडलं असेल, म्हणजे ‘०७ ते १३’ ऐकू आलं, तर संशय पक्का. देवनागरी आकडे असतील तर गडबड वेगळी. आपला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा इंग्रजी आठसारखा, ७ हा उलट्या सहासारखा. ‘रोज १ गोळी’ची नऊ होऊ शकते. दोन्ही लिप्या एकाच पानावर असल्या की ओसीआर गोंधळतं, आणि आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर त्या असतातच.

फोटो दाखवला की सगळं वर्णन करून सांगणारी एआयची अ‍ॅप्स हल्ली सगळ्यांच्या फोनवर आहेत. कागद उलटा आहे का, सही कुठं आहे, पान दोनपैकी कुठलं, एवढं विचारायला ती उत्तम. आकड्यांसाठी आम्ही वापरत नाही. ओसीआरला अक्षर कळलं नाही तर ते भलतंच चिन्ह देतं आणि काहीतरी चुकलंय हे आपल्याला समजतं. एआय पटेल असा आकडा देतं. चुकीचा पण पटणारा आकडा हा रिपोर्टमधला सगळ्यात धोकादायक प्रकार. ‘बी माय आईज’ या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉलनं डोळस स्वयंसेवकाला कागद दाखवणार असाल तर कागदाचा वरचा तिसरा भाग मागे दुमडून घ्या. नाव, वय, मोबाईल नंबर सहसा तिथंच असतो.

आकडा हाती लागला की माणूस तो नेटवर शोधतो, आणि शोधावाही. स्क्रीन रीडरला सगळ्यात सोयीची पानं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची. हेडिंग खरीखुरी असतात, एच दाबत गेलं की लक्षणं, कारणं, उपचार असं टप्प्याटप्प्यानं जाता येतं, मध्येच जाहिरात बडबडत नाही. पण तिथली एककं आपली नव्हेत. साखर आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, ते मिलिमोलमध्ये. त्यांच्या आकड्याला अठरानं गुणलं की आपला येतो, म्हणजे त्यांचे ७ ते आपले १२६. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, एचबीएवनसीचा ६.५ टक्के हा मधुमेहाचा उंबरठा तिथं ४८ असा दिसतो. क्रिएटिनिनचा आपला १ म्हणजे त्यांचे साधारण ८८. पानावर एककं लहान अक्षरात असतात आणि भरभर ऐकताना निसटतात. म्हणून आकडा ऐकला की तिथं थांबून पुढचा शब्द अक्षर-अक्षर ऐकायचा.

मराठीत विकासपीडियावर आरोग्याचे बरेच लेख मजकूर स्वरूपात आहेत, वाचता येतात. बाकी मराठी आरोग्यविषयक साइट जाहिरातींनी इतक्या भरलेल्या असतात की मूळ लेख शोधताना दम निघतो. फायरफॉक्समध्ये एफ नाइन दाबलं की रीडर व्ह्यू उघडतो आणि फक्त लेख उरतो. एजमध्येही तीच कळ. काही पानं मराठी असूनही स्क्रीन रीडर ती इंग्रजी आवाजात अडखळत वाचतो. अशा पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते. साइट बनवणाऱ्यानं एका ओळीत दुरुस्त करावं असं हे काम, पण करत कुणी नाही.

आता फॉन्ट. जुन्या परिपत्रकांच्या, आरोग्यविषयक पुस्तिकांच्या पीडीएफ श्रीलिपी किंवा डीव्हीबीटीटी कुळातल्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून ‘लसीकरण’च्या जागी डॉलर, कंस, कॅपिटल एम असलं काहीतरी ऐकू येतं. युनिकोडमध्ये केलेल्या मराठी पीडीएफही पूर्ण बिनधोक नाहीत. पीडीएफ बनताना जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे मराठीचं गणित इंग्रजीच्या उलटं आहे: मजकूर असलेल्या पीडीएफपेक्षा त्याच पानाचं चित्र करून ओसीआर केलं तर पुष्कळदा जास्त शुद्ध मिळतं. कुणी मूळ वर्ड फाईल देत असेल तर अर्थातच ती घ्यावी.

डेंग्यू, उष्माघात, लसीकरणाच्या तारखा हे सगळं आता पोस्टर म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. टॉकबॅक त्याला ‘फोटो’ म्हणतो आणि पुढे जातो. ग्रुपवर ज्यानं टाकलं त्याला ‘खाली दोन ओळी टाइप करा की’ म्हणणं हा सर्वांत जलद उपाय आहे. आशाताई हे लगेच करतात असा अनुभव आहे. मोठ्या कार्यालयांना मात्र पोस्टरच आवडतं.

अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर अडण्याच्या जागा बहुतेक त्याच असतात. अ‍ॅपमध्ये ‘अनलेबल्ड बटण’ असं ऐकू आलं तर टॉकबॅकच्या मेनूतून त्या बटणाला आपलं नाव देता येतं, पुढच्या वेळी तेच ऐकू येतं. पण अ‍ॅप बदललं की नाव जाऊ शकतं. तारखेच्या कॅलेंडरवर बोट फिरवून दिवस सापडत नसेल तर त्या चौकटीत तारीख थेट टाइप होते का ते आधी बघावं. ओटीपी बघायला फॉर्म सोडून मेसेजमध्ये गेलं की परतल्यावर फॉर्म कोरा होतो. त्यापेक्षा दोन बोटांनी वरून खाली ओढून नोटिफिकेशनमध्येच ओटीपी ऐकायचा. चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणाऱ्या कॅप्चाला शेजारी आवाजाचा पर्याय नसेल तर तिथं थांबायचं आणि फोन करायचा, डोकेफोड करण्यात अर्थ नाही. आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्य नोंदींचा सरकारी ओळख क्रमांक, चौदा आकडी आहे. तो कॉन्टॅक्टमध्ये आपल्याच नावाखाली सेव्ह करून ठेवला की दरवेळी कार्ड धुंडाळावं लागत नाही. जिथं नोंदणीसाठी ‘स्कॅन अँड शेअर’चा क्यूआर लावलेला असतो तिथं टोकन फोनवर येतं, रांग वाचते. फक्त तो क्यूआर भिंतीवर नेमका कुठं आहे हे सुरक्षारक्षकाला विचारावं लागतं, आणि नंबर फलकावर झळकतो, पुकारत नाहीत. शेजारी बसलेल्या काकांना आपला नंबर सांगून ठेवणं हाच उपाय.

कायद्याचा भाग थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातलं कलम ४२ माहिती सुलभ रूपात देण्याबद्दल आहे, आणि कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना लागू आहे, सरकारी असोत की खासगी. कलम २५ नुसार तपासणी आणि उपचारात प्राधान्य मिळतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. साइट-अ‍ॅपसाठी भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. तक्रार लिहिताना एवढी नावं पुरतात. मात्र ‘तुमची साइट आम्हाला वापरता येत नाही’ असं लिहिलं की ती फाईल तिथंच बसते. कुठलं पान, कुठलं बटण, कोणता फोन, टॉकबॅक की एनव्हीडीए, काय केलं आणि काय ऐकू आलं, हे लिहावं. ‘नोंदणीच्या पानावर मोबाईल क्रमांकानंतरचं बटण नुसतं बटण म्हणून ऐकू येतं, त्याला नाव द्या’ हे वाचून प्रोग्रॅमरला काय करायचं ते कळतं.  संस्थेकडे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे.

ऐकू न येणाऱ्याची अडचण वेगळीकडे सुरू होते. रिपोर्ट त्याला वाचता येतो, पण ‘काही शंका असल्यास फोन करा’ हे वाक्य त्याच्यासाठी दार बंद करणारं आहे. नोंदणीच्या कागदावर मोबाईल नंबरापुढे ‘फक्त मेसेज’ असं ठळक लिहून द्यायचं, नाहीतर लॅबवाले फोन करत राहतात आणि ‘उचलला नाही’ म्हणून रिपोर्ट बाजूला पडतो.

डॉक्टरांसमोर लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारं अ‍ॅप उपयोगी पडतं. ते मराठी घेतं, दुसरी भाषा इंग्रजी ठेवता येते आणि खालच्या बटणानं बदलता येते. फोन डॉक्टरांच्या बाजूला, टेबलावर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा. आपल्या हातात धरला तर तो मागच्या रांगेतलं बोलणं पकडतो. वर पंखा चालू असेल तर थेट त्याच्याखाली नको. इंटरनेट लागतं आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत रेंज जाते, म्हणून आत जाण्याआधी एक ओळ बोलून तपासून घ्यायचं. मास्क लावलेला असेल तर ओठ वाचता येत नाहीत आणि आवाजही दबतो. मास्क खाली घ्या म्हणायला संकोच वाटतो, पण काचेच्या आडून किंवा लांबून दोन मिनिटं घेतात बहुतेक जण. साधं बोलणं ठीक येतं, औषधांची नावं आणि आकडे येत नाहीत. ‘पन्नास’ची ‘पंधरा’ होते. म्हणून औषध, डोस, पुन्हा कधी यायचं, एवढं कागदावर लिहून मागायचंच, ट्रान्स्क्रिप्ट कितीही छान दिसत असलं तरी.

सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून व्हिडिओनं सल्ला घेताना हेच त्याच फोनवर जमत नाही, कारण माइक आधीच कॉलला गेलेला असतो. दुसरा फोन शेजारी ठेवून त्यावर ट्रान्स्क्राइब चालवायचं आणि कॉल स्पीकरवर टाकायचा. कॉल लागल्या लागल्या कॅमेऱ्यासमोर पाटी धरायची: ‘मला ऐकू येत नाही, सावकाश बोला, औषधं लिहून द्या.’ शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन येतं, ते स्पष्ट टाइप केलेलं असतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा हे कितीतरी बरं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी दुसरी. त्यांना लांबलचक मराठी पत्रक दिलं म्हणजे माहिती दिली असं होत नाही. छोटी वाक्यं, आकडा वेगळ्या ओळीवर, गोळीचं चित्र, हे चालतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश दहा हजार शब्दांचा आहे. घरच्या माणसांनी दवाखान्यात जाण्याआधी लागणाऱ्या खुणा त्यात बघून ठेवाव्यात.

औषधांकडे वळल्यावर पुन्हा डोळ्यांचा प्रश्न. युरोपात औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव असणं बंधनकारक आहे, आपल्याकडे नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड असणं मात्र बंधनकारक आहे, त्यात औषधाचं मूळ नाव, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख अशी माहिती असते. पण कोड खोक्यावर असेल आणि दुकानदारानं खोक्यातून गोळ्यांचा एकच पत्ता (स्ट्रिप) काढून दिला असेल तर कोड दुकानातच राहतो. पत्त्याच्या चांदीवर प्रकाश पडून फोटो चमकतो. दिवा मागे ठेवून, पत्ता जरा तिरका धरून, साधारण वीतभर लांबून फोटो काढला तर नाव वाचलं जातं. मुदतीची तारीख नुसती ठसा मारून उठवलेली असेल तर कुठलंच ओसीआर ती वाचत नाही. अर्धा पत्ता कापून घेतला तर ती बहुतेक दुकानातल्या अर्ध्यावर राहिलेली असते.

यावर चांगला मार्ग बिलाचा. औषध दुकानाच्या कॉम्प्युटर बिलावर प्रत्येक औषधापुढे बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ‘बिल पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका’ म्हटलं की औषधाचं नाव, किती एमजी, किती गोळ्या आणि मुदत, सगळं मजकुरात येतं. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाला लागत नाही, बिलावरचं लागतं. घरी आल्यावर बिल ऐकत ऐकत पत्ते लावायचे: सकाळच्याला एक रबर, रात्रीच्याला दोन. एकाच औषधाच्या दोन ताकदी असतील, समजा ५० आणि २५, तर त्यांना रबर न लावता वेगळ्या डब्यांत ठेवायचं, कारण पत्ता हाताला सारखाच लागतो.

इन्सुलिनच्या पेनचं आणखी वेगळं. झटपट काम करणारं आणि दिवसभर चालणारं, अशी दोन पेनं कंपनी रंगानं ओळखायला देते. रंग हाताला लागत नाही. एकाला मधोमध कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. रबर फ्रिजमधून काढताना सरकतं. पेन फिरवताना क्लिक वाजते आणि बहुतेक पेनांत एक क्लिक म्हणजे एक युनिट, पण नुसत्या क्लिक मोजून डोस लावू नये असं पेनसोबतच्या पत्रकातच म्हटलेलं असतं. ते पत्रक घडी घातलेलं, मुंगीच्या अक्षरात. कंपनीच्या साइटवर त्याची मजकूर असलेली पीडीएफ बहुधा मिळते. ती एकदा पूर्ण ऐकून, डोस लावल्यावर दुसऱ्या माणसाकडून आकडा बघून घ्यायचा की बोलणारं उपकरण वापरायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.